छातीत पाणी : न्यूमोनियाचा एक दुर्लक्षित उपद्रव

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. असे असूनही स्मरणिकेच्या लेखासाठी हा वैद्यकीय विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे.

आमचे थोरले बंधू खडकी बाजारात राहतात. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. एका पावसाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप आला, खोकला सुरू झाला आणि उजव्या कुशीत श्वासागणिक चमक येऊ लागली. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तीन दिवसांनी ताप थोडा उतरला आणि कुशीतली चमकही थांबली. दुखणे थांबले म्हणजे गुण आला, असे आम्ही सर्वांनी मानले. परंतु पुढच्या दोन दिवसांत ताप पुन्हा चढला, जिना चढताना दम लागू लागला आणि त्यांना डाव्या कुशीवर झोपवेना. क्ष-किरण फोटोत उजव्या बाजूला पाणी दिसले. डॉक्टर म्हणाले, "सुई घालून पाणी तपासावे लागेल." वहिनी तयार होत्या. नाही म्हणालो ते आम्ही. आमच्या मावशीच्या छातीतले पाणी काढल्यावर काही दिवसांतच ती गेली होती, ती आठवण मनात पक्की बसलेली होती. या नकारात दोन दिवस गेले. शेवटी सुई घातली तेव्हा पाण्याऐवजी पू आला.

बंधू वाचले, परंतु जे काम कदाचित एका नळीने झाले असते त्याला शस्त्रक्रिया लागली. मावशीच्या छातीत पाणी झाले होते ते कर्करोगामुळे, आणि तिचा मृत्यूही त्या रोगाने झाला, सुईने नव्हे, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या अज्ञानाचा भुर्दंड बंधूंनी भरला. तो दुसऱ्या कोणाच्या घरी भरावा लागू नये, एवढ्यासाठी हा अभ्यास.

छातीतले पाणी म्हणजे काय?

आपल्या फुप्फुसांवर एक पातळ पडदा असतो आणि बरगड्यांच्या आतल्या अंगालाही तसाच पडदा असतो. या दुहेरी वेष्टनाला फुप्फुसावरण म्हणतात. दोन पडद्यांमध्ये निरोगी माणसातही एखाद-दोन चमचे द्रव असतो. दाराच्या बिजागरीत तेल घालावे तसे त्याचे काम असते. श्वासाबरोबर पडदे एकमेकांवरून विनासायास घसरतात. हा द्रव सतत झिरपतो आणि सतत शोषला जातो. जमा आणि खर्च सारखे असतात, म्हणून शिल्लक वाढत नाही.

न्यूमोनियात फुप्फुसाच्या एका भागाला जंतूंमुळे सूज येते. ती सूज पडद्यापर्यंत पोहोचली की झिरपणे वाढते, शोषण कमी पडते आणि पाणी साठू लागते. न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण वीस ते चाळीस जणांच्या छातीत थोडेफार पाणी होतेच. त्यातील बहुतेकांचे पाणी न्यूमोनियाच्या औषधानेच आटते. राहिलेल्यांच्या बाबतीत ते तीन पायऱ्यांनी बिघडत जाते.

पहिली पायरी : पाणी पातळ व स्वच्छ असते. त्यात जंतू नसतात.

दुसरी पायरी : जंतू पाण्यात शिरतात. पाणी गढूळ होते, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तयार होतात आणि एका खोलीच्या दहा खोल्या व्हाव्यात तसे कप्पे पडतात. पू झाला की त्याला डॉक्टर 'एम्पायेमा' म्हणतात.

तिसरी पायरी : धाग्यांची जाड साल बनून ती फुप्फुसाला आवळून धरते. आतला पू काढला तरी फुप्फुस फुगत नाही.

पहिलीतून दुसरीत जायला काही वेळा थोडेच दिवस पुरतात. तिसरी पायरी साधारण दोन-तीन आठवड्यांत येते. या रोगात दिवसांना इतके महत्त्व का, ते यावरून ध्यानात येईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्यायलेले पाणी छातीत जात नाही. ते पोटात जाते आणि तेथून रक्तात. 'छातीत पाणी झाले आहे, रुग्णाला पाणी देऊ नका' असे सांगणारे आप्त आम्हालाही भेटले. तापाच्या रुग्णाला पाणी तोडणे अपायकारक आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात, तो भाग वेगळा.

शंका केव्हा घ्यावी?

योग्य औषध सुरू झाल्यावर न्यूमोनियाच्या रुग्णाचा ताप सामान्यतः दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतो. तसे झाले नाही, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर रुग्णाला पुन्हा तपासलेच पाहिजे. औषध चुकले असेल, आजार दुसरा असेल किंवा छातीत पाणी झाले असेल. बँकेत दिवसाचा हिशेब जुळला नाही तर आम्ही खातेवही पुन्हा उघडतो. 'उद्या आपोआप जुळेल' म्हणून घरी जात नाही.

दुसरी खूण फसवी आहे. कुशीतली चमक सुजलेले पडदे एकमेकांवर घासल्यामुळे येते. मध्ये पाणी साठले की पडदे दूर होतात आणि चमक थांबते. म्हणजे दुखणे थांबणे हे कधी बरे होण्याचे, तर कधी पाणी भरल्याचे लक्षण असते. बंधूंच्या बाबतीत आम्ही नेमके येथेच फसलो. चमक थांबली पण दम वाढला, तर समाधान मानू नये.

मधुमेही, नियमित मद्यपान करणारे, दातांची व हिरड्यांची निगा न राखणारे, फिट येणारे, तसेच कुपोषित मुले यांच्यात पू होण्याचा संभव अधिक असतो. झोपेत किंवा बेशुद्धीत तोंडातील घाण श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही. लहान मुलांत अंगावरच्या गळवातले जंतू रक्तातून छातीत पोहोचू शकतात. वृद्धांमध्ये तर ताप फारसा नसतोही. भूक जाते, वजन उतरते आणि माणूस गप्प होतो.

निदान कसे करतात?

पहिले साधन डॉक्टरांची बोटे. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर हा वैद्य एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून आत मद्य कुठवर आहे हे ओळखायची रीत त्याच्या परिचयाची होती. छातीही तशीच वाजवून पाहता येते हे त्याने 1761 साली ग्रंथरूपाने मांडले. आपल्याकडे गृहिणी रॉकेलचा डबा टिचकी मारून पाहत, तोच न्याय. हवा असलेल्या जागी पोकळ आवाज येतो आणि पाणी असलेल्या जागी दगडावर मारल्यासारखा बद्द. पुढे 1816 साली फ्रान्समध्ये लायनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. पाणी असलेल्या भागात श्वासाचा आवाज मंद होतो किंवा ऐकूच येत नाही.

दुसरे साधन क्ष-किरण फोटो. उभ्याने काढलेल्या साध्या फोटोत सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी साठेपर्यंत ते स्पष्ट न दिसण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या दिवशीचा फोटो चांगला होता एवढ्यावर पाचव्या दिवशी विसंबू नये.

तिसरे साधन सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि ती खाटेजवळही करता येते. थोडे पाणी, त्यातील जाळी आणि कप्पे ती चांगले दाखवते. सुई नेमकी कोठे घालावी हेही तिच्यामुळे कळते. शंका राहिली किंवा शस्त्रक्रियेचा विचार असला तर सी.टी. स्कॅन करतात.

चौथे आणि निर्णायक साधन म्हणजे सुई. पाण्याचा थर साधारण एक सेंटिमीटरहून जाड असेल तर नमुना काढून तपासावा, असा सर्वसाधारण नियम आहे. रुग्णाला बसवून, पुढे उशीवर हात टेकवून, पाठीच्या बाजूने जागा बधिर करतात आणि बरगडीच्या वरच्या कडेने सुई घालतात. रक्तवाहिन्या व मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेने जातात, म्हणून ही काळजी. सोनोग्राफीच्या साहाय्याने केल्यास धोका कमी असतो. थोडासा रक्तस्राव किंवा हवा शिरणे अशा अडचणी क्वचित येतात, परंतु पू आत ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

काढलेल्या पाण्याचा रंग आणि वास डॉक्टर प्रथम पाहतात. पू दिसला तर निदान तेथेच झाले. दुर्गंधी आली तर तोंडातील, प्राणवायूविना वाढणारे जंतू असल्याचा संशय येतो. पाणी नुसते गढूळ असेल तर प्रयोगशाळा बोलते. जंतू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाण्यातील साखर खातात व आम्ल तयार करतात. त्यामुळे साखर 60 मिलिग्रॅमच्या खाली गेली, किंवा आम्लता मोजणारा पी.एच. 7.2 च्या खाली आला, तर केवळ औषधाने भागणार नाही, नळी घालावी लागेल, असे समजतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले तरी तोच निर्णय. पी.एच.चा नमुना हवा न लागू देता ताबडतोब यंत्रावर मोजावा लागतो. पाणी दाहामुळे आले की हृदय, यकृत यांच्या विकारामुळे, हे ठरविण्याची प्रथिनांवर व एल.डी.एच.वर आधारलेली कसोटी अमेरिकेतील डॉ. रिचर्ड लाइट यांनी 1972 साली दिली. ती आजही वापरात आहे.

क्षय की न्यूमोनिया?

आपल्या देशात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. छातीत पाणी म्हणजे टी.बी., असे समीकरण आपल्या वस्त्यांत रूढ आहे. त्यामागे अनुभव आहे, कारण क्षयामुळे छातीत पाणी होणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ असतात. तरीही तपासणीवाचून तो शिक्का मारणे दोन्हीकडून घातक आहे. पू झालेल्या रुग्णाला क्षयाच्या गोळ्या देत बसलो तर महिन्याभरात साल जाड होते. उलट क्षयाच्या रुग्णाला साधी प्रतिजैविके देत राहिलो तर मूळ रोग पसरतो.

न्यूमोनियाचे पाणी बहुधा काही दिवसांच्या तीव्र आजारात येते. क्षयाच्या पाण्यात अनेकदा आठवड्यांचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे असा इतिहास असतो. पाण्यातील पेशी पाहिल्या तर न्यूमोनियात न्यूट्रोफिल आणि क्षयात लिंफोसाइट जास्त असतात. ए.डी.ए. ही तपासणी 40 च्या वर गेली तर क्षयाचा संशय बळावतो; मात्र साध्या पुवातही ती वाढते. म्हणून एकट्या ए.डी.ए.च्या आकड्यावर निर्णय करणे बरोबर नव्हे. पाण्यावरील सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले तर निदान पक्के होते, परंतु न सापडल्यास क्षय नाहीच असे म्हणता येत नाही. सर्व पुरावे एकत्र ठेवूनच डॉक्टर निर्णय घेतात. आपण केवळ एवढे विचारावे : "पाणी तपासायला पाठवले का? त्यात काय आले?"

उपचार

उपचाराची दोन अंगे आहेत : जंतू मारणे आणि पू बाहेर काढणे. पहिल्या अंगासाठी शिरेतून प्रतिजैविके देतात. पुढे गोळ्यांवर आणतात. पू झाला असेल तर औषध दोन ते सहा आठवडे चालू शकते. चार दिवसांनी बरे वाटले म्हणून ते बंद करू नये.

या औषधांपूर्वीचा काळ कसा होता? आधुनिक वैद्यकशिक्षणाचे एक आधारस्तंभ मानले गेलेले सर विल्यम ऑस्लर यांनी न्यूमोनियावर विपुल लेखन केले होते. त्याच आजारानंतर त्यांच्या छातीत पू झाला, शस्त्रक्रिया करूनही उपयोग झाला नाही आणि 29 डिसेंबर 1919 रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ज्ञानाची उणीव नव्हती, औषध नव्हते. पेनिसिलिनचा शोध 1928 सालचा आणि ते रुग्णांना मिळू लागले ते 1941 नंतर. आपल्या खडकीहून लोकलने तिसरे स्थानक असलेल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, हे विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

परंतु साठलेल्या पुवात औषध नीट पोहोचत नाही. म्हणून दुसरे अंग, नळी. बरगड्यांमधून नळी घालून तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली बुडवतात. त्यामुळे आतला द्रव बाहेर येतो, पण बाहेरची हवा आत जात नाही. जर्मनीतील डॉ. ब्यूलाउ यांनी एकोणिसाव्या शतकात ही बंद नळीची पद्धत रूढ केली. तिचे महत्त्व जगाला नीट पटले ते 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास. अमेरिकन लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर पू झालेल्या जवानांची छाती शल्यचिकित्सक घाईने उघडत. पाणी अजून पातळ असताना छाती उघडली की हवा शिरून फुप्फुस मिटत असे आणि जवान दगावत. सुमारे तीस टक्के रुग्ण मरत होते. त्यासाठी नेमलेल्या आयोगातील डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी दाखवून दिले की आरंभी बंद पद्धतीनेच पाणी काढावे, रुग्णाला पोषण द्यावे आणि उघडी शस्त्रक्रिया योग्य वेळीच करावी. ही पद्धत अवलंबिल्यावर मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. औषध तेच, जवान तसेच. फरक पडला तो पद्धतीमुळे.

कप्पे पडले असतील तर नळीतून जाळी विरघळवणारी औषधे सोडतात. नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजने प्रौढांत लाभ होत नाही असे ब्रिटनमधील 2005 च्या मोठ्या अभ्यासात दिसले. 2011 च्या अभ्यासात टी.पी.ए. व डी.एन.एज ही दोन औषधे एकत्र दिल्यावर मात्र पाणी चांगले ओसरले व शस्त्रक्रियेची गरज कमी झाली. एवढ्यानेही न भागल्यास दुर्बिणीतून कप्पे फोडून छाती धुतात. साल जाड झाली असेल तर छाती उघडून ती सोलून काढावी लागते. बंधूंवर ही शेवटची वेळ आली.

नळी असताना घरच्यांनी काय पाहावे?

1. बाटली नेहमी छातीच्या खालच्या पातळीवर ठेवावी. खाटेवर किंवा मांडीवर ठेवू नये, नाहीतर द्रव उलटा आत जाईल.
2. नळीतील पाणी श्वासाबरोबर वरखाली होते, ही चांगली खूण. हालचाल अचानक थांबली तर नळी मुडपली आहे का हे पाहावे व परिचारिकेला सांगावे.
3. नळीला स्वतः चिमटा लावू नये. बाटलीत सारखे बुडबुडे येऊ लागले तर लगेच कळवावे.
4. रुग्णाला उठवावे, बसवावे, चालवावे. दीर्घ श्वासाचे व्यायाम व तीन चेंडूंचे श्वास आत ओढण्याचे यंत्र हाही उपचाराचाच भाग आहे.
5. पुवाबरोबर शरीरातील प्रथिने जातात. डाळ, अंडी, शेंगदाणे, मासे, दूध यांपैकी परवडेल ते भरपूर द्यावे. मधुमेह असेल तर साखर काबूत ठेवावी.

रोज येणारा द्रव अगदी कमी झाला आणि फोटोत फुप्फुस फुगलेले दिसले की नळी काढतात. 'एकदा पाणी काढले की पुन्हा पुन्हा भरते' ही समजूत न्यूमोनियाच्या बाबतीत खरी नाही. काही रोगांत ते भरते, परंतु तो त्या रोगांचा दोष, सुईचा नव्हे.

आधीच थांबवता येईल का?

न्यूमोनिया वेळेवर ओळखणे हा पहिला प्रतिबंध. त्याचा उत्तम धडा आपल्या महाराष्ट्रानेच दिला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना मुलांचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवले. त्यांच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा उपचार मिळालेल्या मुलांपैकी न्यूमोनियाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 0.8 होते, जेथे ही सोय नव्हती तेथे ते 13.5 होते. श्वास मोजायला घड्याळ पुरते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर थेट रुग्णालय.

दुसरा प्रतिबंध लस. न्यूमोकॉकस जंतूवरील लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 2021 साली ती देशभर लागू झाली. बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या जंतूवरील स्वदेशी लस डिसेंबर 2020 मध्ये आणली. फ्लूनंतर न्यूमोनिया होण्याचा धोका असतो आणि 2009 च्या स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. म्हणून वृद्धांनी व मधुमेहींनी फ्लूच्या व न्यूमोनियाच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

खर्चाची धास्ती

पुष्कळ घरांत नकारामागे भीतीइतकाच पैसा असतो. खडकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे कॅन्टोन्मेंटचे रुग्णालय आहे, औंधला सरकारी रुग्णालय आहे आणि 1867 पासूनचे ससून आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत तयार ठेवावा. कागद शोधण्यात गेलेला दिवसही या रोगात मोजला जातो.

समारोप

वाचकहो, बंधू आता पूर्ववत कामाला जातात. पाठीवर बरगड्यांच्या रेषेत एक लांब व्रण आहे. तो पाहिला की आम्हाला ते दोन दिवस आठवतात. त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु ज्या माणसाने खोली झाडल्यावाचून पाहुण्याला बसवले नसते, त्यानेच आपल्या भावाच्या छातीत पू राहू दिला, हे आम्ही कसे विसरावे?

विद्यार्थ्यांना विनंती एवढीच. या लेखातील तीन वाक्ये पाठ करा आणि घरी जाऊन सांगा. औषध सुरू करून तीन दिवसांत ताप हटला नाही तर पुन्हा तपासा. छातीत पाणी असेल तर डॉक्टरांना ते तपासू द्या. पू असेल तर तो त्याच दिवशी बाहेर निघू द्या. ज्या घरात ही तीन वाक्ये कोणाला तरी ठाऊक असतील, तेथे निदान आमच्यासारखा दोन दिवसांचा नकार तरी होणार नाही.